मुलाचं जेवण फुकट, म्हणून पाच जणांचे पैसे?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मी एच-१बी व्हिसावर नोकरीला आहे, पत्नी अर्धवेळ काम करते. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. नाशिकहून आई-बाबा आले आहेत, दोघंही सत्तरी ओलांडलेले. २३ ऑगस्ट २०२६ पासून पाच रात्री ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला जायचं चाललंय. पॅकेज असं आहे : डिस्नेच्याच आर्ट ऑफ ॲनिमेशन हॉटेलातला सहा जणांचा सूट २,९०० डॉलर, सहा जणांची चार दिवसांची तिकिटं ३,३०० आणि जेवणाचे पैसे आधीच भरायचा क्विक सर्व्हिस डायनिंग प्लॅन १,५००. मुलाचा प्लॅन फुकट. विमानाचे १,५०० आणि विमानतळाच्या व्हॅनचे २०० धरून ९,४०० होतात. सुटीसाठी साठवलेत ८,०००. बाकीचे १,४०० शून्य टक्के व्याजाच्या कार्डावर टाकून वर्षभरात फेडू, असा विचार आहे. आई-बाबा शाकाहारी आहेत. मी संध्याकाळी एखादी बिअर घेतो, पत्नी घेत नाही. पॅकेज घ्यावं, की हॉटेल बाहेर घेऊन जेवणाचं आपलं आपण पाहावं?

उत्तर : तुमच्या प्रश्नातलं ‘की’ आधी काढून टाकू. हॉटेल आणि जेवण हे दोन वेगळे सौदे आहेत. एका कागदावर छापून आले म्हणून ते एक होत नाहीत. किंबहुना ते एका कागदावर छापतात ते आपण वेगवेगळे तपासू नयेत म्हणूनच. हॉटेलला मी बहुतेक हो म्हणणार आहे, जेवणाला नाही.

जेवणापासून सुरुवात करतो, कारण खरी गंमत तिथे आहे. डिस्नेने हा प्लॅन २०२० मध्ये बंद केला होता, जानेवारी २०२४ मध्ये तो परत आणला. तेव्हा क्विक सर्व्हिसचा दर प्रौढामागे रात्रीला ५७ डॉलर होता. तुमच्या पॅकेजात तो साठच्या घरात आहे. त्या पैशांत माणशी दर रात्रीमागे काउंटरवरची दोन जेवणं, एक खाऊ आणि मुक्कामभरासाठी पुन्हा पुन्हा भरता येणारा एक मग मिळतो. सकाळची न्याहारी यात नाही, ती पॅकेज घेतलं तरी तुमच्याच खिशातून. त्या मगात पेय भरून मिळतं फक्त हॉटेलात. पार्कात दिवसभर उन्हात फिरताना तो नुसता ओझ्याला. उलट पार्कातल्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की पेलाभर फुकट मिळतं, त्यासाठी प्लॅन लागत नाही.

आता त्या साठ डॉलरच्या पोटात शिरू. प्रत्येक जेवणासोबत एक पेय असतं आणि २१ वर्षांवरच्याला ते मद्यही घेता येतं. प्लॅनचा दर हे गृहीत धरूनच बसवलेला आहे. दोन्ही जेवणांना मांसाहारी थाळा आणि सोबत बारा-पंधरा डॉलरचं कॉकटेल घेणाऱ्या माणसाला तो स्वस्त पडतो. तुमचे बाबा भाताचा वाडगा आणि पाणी घेणार. त्यांनी त्या कॉकटेलचे पैसे का भरावेत? शिवाय तुमचा मुक्काम श्रावणात येतोय आणि २४ ऑगस्टला श्रावणी सोमवार आहे. आईंचा उपास असेल तर त्या दिवशीच्या दोन जेवणांचं काय करणार? तुम्ही श्रावण पाळता का, हे मी विचारत नाही. पाळत असाल तर तुमचीही बिअर गेली आणि हिशेब आणखीच बिघडला.

ढोबळ भाव धरून मांडणी करतो. आई किंवा बाबा : चौदा डॉलरची दोन जेवणं, सहा डॉलरचा खाऊ, वर ऑरलँडोचा साडेसहा टक्के विक्रीकर, म्हणजे दिवसाला ३६. पत्नी कॉफीसकट ४४. तुम्ही एक बिअर आणि एक थंड पेय धरून ५७. मुलगा २६. मुलगीही २६, कारण ती खाणार आहे पास्ता किंवा चिकन नगेट, तेही लहान मुलांच्या यादीतले. काउंटरवर कोणी जन्मदाखला मागत नाही. ही बेरीज दिवसाला २२५, पाच दिवसांची १,१२५ होते. प्लॅनचे १,५००. तुमचं एकट्याचं गणित जेमतेम बरोबरीत सुटतं, बाकी चार प्रौढांत तोटाच तोटा.

‘चार प्रौढ’ म्हटलं, कारण खरी मेख तुमच्या मुलीच्या वयात आहे. डिस्नेच्या लेखी वयाची दहा वर्षं झाली की माणूस प्रौढ. २०२६ च्या पॅकेजांत फुकट आहे ते ३ ते ९ वर्षांच्या मुलांचं, म्हणजे फक्त तुमच्या मुलाचं. त्याचे पाच दिवसांचे १३० डॉलर वाचतात आणि तिचे १७० जास्तीचे जातात. ती नऊची असती तर तुम्हा चौघांना प्लॅन घ्याच म्हणून मी मागे लागलो असतो : दोघांचे ६०० भरून चौघं जेवले असते आणि रोखीने तेच ७६५ ला पडलं असतं. आपल्याकडे ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणतात. इथे मात्र आवळा देऊन कोहळा काढलाय.

आणखी एक नियम कागदावर बारीक अक्षरात असतो. एका बुकिंगमधल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांना प्लॅन घ्यावाच लागतो, एकाला वगळून चालत नाही. सहा जणांचा एकच सूट घेतला की आई-बाबाही आपोआप प्लॅनमध्ये ओढले जातात. आणि उरलेली जेवणं निघायच्या दिवशी मध्यरात्री बाद होतात. मग शेवटच्या दुपारी लोक पैसे वसूल करायला नको असलेल्या बिस्किटांचे पुडे गोळा करत हिंडतात. लग्नाच्या बुफेत तिसरा गुलाबजाम वाढून घेणारे आपण सगळे ही अवस्था ओळखतो.

टेबलावर बसून जेवायचा मोठा प्लॅनही असतो. २०२४ मध्ये त्याचा दर प्रौढामागे ९४ डॉलर होता. रोज मिकी-गूफीसोबत बुफे जेवणाऱ्या, नऊच्या आतली दोन-तीन मुलं असणाऱ्या घराला तो परवडू शकतो. वेटरची टीप त्यातही धरलेली नसते. तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका.

मग खायचं काय? डिस्नेच्या पार्कांत बाहेरचे खाद्यपदार्थ न्यायला बंदी नाही. काचेची भांडी आणि दारू चालत नाही, थेपले, चिवडा, लाडू, फळं चालतात. किराणा हॉटेलवर मागवता येतो. दूध, ब्रेड, केळी, पोहे असं १२० डॉलरचं सामान पाच सकाळी पुरेल. दोन रात्री तयार डाळ-भाताची पाकिटं मायक्रोवेव्हमध्ये गरम करा, उरलेल्या वेळी बाहेर जेवा. न्याहारीसकट सगळं मिळून साडेअकराशेत बसतं. पॅकेज घेतलं असतं तर न्याहारी धरून १,६२० झाले असते. पावणेपाचशे इथे वाचले.

आता हॉटेल. इथे मी जरा उधळा वाटेन. बाहेर लेक ब्युएना व्हिस्टा भागात दोन बेडरूम आणि स्वयंपाकघर असलेली जागा रात्रीला १६५ ला दिसली, असं धरू. दिसतात ते १६५, लागतात जास्त. त्यावर रिसॉर्ट फी म्हणून रोज पस्तीसेक डॉलर, मग दोन्हींवर साडेबारा टक्के कर, झाले ११२५. सहा जणांना मिनीव्हॅन भाड्याने घ्यावीच लागणार, पेट्रोल धरून साडेपाचशेच्या आसपास. हॉटेलात गाडी लावायचे पंच्याहत्तर, पार्कात लावायचे दिवसाला साधारण तीस. बेरीज १,८७० जाते. तुमचा सूट व्हॅनसकट ३,१००. म्हणजे बाराशेवर फरक आहे, तो मी झाकत नाही.

तरी तुम्हाला आतच राहा म्हणतो. ऑगस्टअखेरचं ऑरलँडो म्हणजे घामाची आंघोळ आणि दुपारी चारला गडगडाट. आठवडा निवडलात मात्र हुशारीने : फ्लोरिडातल्या शाळा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होतात आणि न्यू जर्सीतल्या बहुतेक सप्टेंबरात लेबर डे नंतर, त्यामुळे गर्दी ओसरलेली असते. पण सत्तरीपुढच्या माणसांना दुपारी एक ते पाच खोलीत आडवं व्हायलाच हवं. आतल्या हॉटेलातून ते सहज जमतं. आर्ट ऑफ ॲनिमेशनच्या दारातून स्कायलायनर नावाची पाळण्यांची गाडी निघते, वाटेत एकदा पाळणा बदलून ती एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोन पार्कांना नेते. वीज चमकायला लागली की ती थांबवतात, मग बस. बाकीच्या दोन पार्कांना बसच. बाहेरून रोज दोनदा गाडी काढा, पार्किंगपासून चाला, परत या, हे तिसऱ्या दिवशी सोडून द्याल आणि आई-बाबा ‘तुम्ही जा, आम्ही बसतो’ म्हणतील. आतल्या पाहुण्यांना रोज अर्धा तास आधी प्रवेश मिळतो आणि रांग टाळायची लाइटनिंग लेन सात दिवस आधी घेता येते, बाहेरच्यांना तीन. उन्हं चढायच्या आतला तो अर्धा तास मला त्या मगापेक्षा पुष्कळ मोलाचा वाटतो.

आणि त्या बाहेरच्या जागेतल्या स्वयंपाकघराचं. तिथे जी बचत होते, ती कोणाच्या हातून होते? सुटीत आईंनी किंवा पत्नीने कुकर लावला की ती बचत. असा हिशेब मांडताना तो श्रम शून्य धरायची आपल्याला सवय आहे. त्या दोघींना विचारून ठरवा.

सूट नको असेल तर समोरच, तळ्यापलीकडे पॉप सेंच्युरी आहे. स्कायलायनरचं स्थानक दोन्ही हॉटेलांचं एकच. तिथे शेजारी-शेजारी दोन साध्या खोल्यांचा तुमच्याच तारखांचा भाव काढा. सूटपेक्षा तीनशेने कमी पडल्या तर घ्या. शंभराचाच फरक असेल तर सूट ठेवा, त्यात मायक्रोवेव्ह आहे आणि दोन न्हाणीघरं आहेत.

तिकिटांवर तुम्ही विचारलं नाहीत, पण आई-बाबांना चार दिवसांची तिकिटं कशाला? त्यांना दोन दिवसांची घ्या, एपकॉट आणि ॲनिमल किंगडमची. दोघांचे मिळून चारेकशे वाचतात. एपकॉटमध्ये अकरा देशांची दालनं आहेत, त्यांत भारत नाही म्हणून बाबा जरा हळहळतील. ॲनिमल किंगडममधले वाघ बघून भरपाई होईल.

आता तूट मोजू. न्याहारी धरून तुमचा खरा आकडा ९,५२० होता. जेवणाचे ४७० आणि तिकिटांचे ४०० गेले की ८,६५०. पॉप सेंच्युरीच्या खोल्या जमल्या तर ८,३५०. म्हणजे साडेतीनशे ते साडेसहाशे कमी पडतात. ते ऑगस्टपर्यंत पगारातून बाजूला काढा, कार्डावर टाकू नका. शून्य टक्क्यांचं मला वावडं नाही. पण मुदत संपली आणि थोडे जरी उरले, तर त्या उरलेल्यावरचं व्याज वीस टक्क्यांपुढे जातं. आणि एच-१बीवर नोकरी गेली तर दुसरी शोधायला हातात साठ दिवस असतात. त्या काळात सुटीचा हप्ता डोक्यावर नको. घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे वेगळे ठेवलेत का, हे तुमच्या पत्रात नाही. नसतील तर यातला एकही डॉलर खर्च करण्याआधी तिकडे बघा.

याच कारणासाठी पॅकेजऐवजी नुसती खोली बुक करा. पॅकेजचे सगळे पैसे तीस दिवस आधी, म्हणजे २४ जुलैपर्यंत भरावे लागतात. त्यानंतर रद्द केलं तर दोनशे डॉलर कापतात, आदल्या दिवशी केलं तर सगळेच जातात. नुसत्या खोलीला सुरुवातीला एका रात्रीचे पैसे भरायचे आणि मुक्कामाच्या आठवडाभर आधीपर्यंत ती रद्द करता येते. तिकिटं सर्वांत शेवटी घ्या, कारण त्यांचे पैसे परत मिळत नाहीत.

एका संध्याकाळी मात्र हात सैल सोडा. ॲनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेजमध्ये सना नावाचं रेस्तराँ आहे, आफ्रिकी आणि भारतीय चवींचं. नानसारख्या रोट्या आणि सोबत चटण्या-लोणच्यांचा थाट ही तिथली नावाजलेली डिश. तिथे जायला पार्कचं तिकीट लागत नाही, त्यामुळे आई-बाबांच्या मोकळ्या दिवशी जाता येईल. शाकाहाराचं काउंटरवरच सांगून ठेवा. टेबल साठ दिवस आधी मिळायला लागतं, तुमच्यासाठी २४ जूनला सकाळी. अंधार पडायच्या आतली वेळ घ्या आणि खिडकीजवळची जागा मागा, तिथून जिराफ दिसतात.