दिवाळी अंकांच्या वाचनाची नोंद

प्रश्न: दिवाळीनंतर महिनाभर लायब्ररीतून अंक आणते, एकातली कथा वाचते, दुसऱ्यातला लेख, की लगेच बदलायची वेळ येते. महिनाअखेरीला काय वाचलं तेच आठवत नाही! नोंद कशी ठेवू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, अख्खा अंक संपला की मगच नोंद करायची हे आधी डोक्यातून काढा. १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून हा प्रकारच कथा, कविता, लेख सगळं एकत्र देणारा आहे, मग अंक कशाला मोजायचे, एकेक कथा किंवा लेख मोजा ना. साध्या वहीत तारीख, अंकाचं नाव, लेखक, शीर्षक आणि स्वतःला काय वाटलं त्याची एक ओळ, बास. अंकाचं साल मात्र लिहाच, कारण तीच कथा पुढे संग्रहात येते आणि कुठे वाचली होती ते काही केल्या आठवत नाही. अंक परत करायच्या आधी अनुक्रमणिकेचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, राहिलेलं नंतर शोधता येतं. अर्धवट सोडलेलंही लिहा, का सोडलं तेही, मला तर ही नोंद सगळ्यात महत्त्वाची वाटते. पानांचा हिशोब नको. आणि एखादं नाव वहीत परत परत दिसलं तर लायब्ररीत त्यांचं पुस्तक नक्की मागा.