छातीपाशी आलं की जीव घुसमटतो

प्रश्न : वय ५२. गेल्या वर्षी डावा स्तन काढला, केमो झाली, आता रोज लेट्रोझोलची गोळी चालू आहे. तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते, म्हणून सजगतेच्या (माइंडफुलनेसच्या) वर्गाला जाते. तिथे आडवं पडून पावलांपासून डोक्यापर्यंत लक्ष न्यायला सांगतात. छातीपाशी आलं की रडू फुटतं. जाऊबाई म्हणतात, ‘मन प्रसन्न ठेव, नाहीतर दुखणं उलटेल.’ वर्ग सोडू का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, घाबरल्याने किंवा रडल्याने कॅन्सर उलटत नाही. जाऊबाई मायेने बोलल्या असतील, पण ते ओझं तुम्ही घेऊ नका. आजार परत येऊ नये म्हणून गोळी आहे, तेवढी चुकवू नका.

सजगतेचा हा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केला. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर झालेले त्याचे प्रयोग कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये एकत्र तपासले. चिंता आणि उदासी कमी होते, झोप थोडी सुधारते. दोन वर्षांनी मात्र फारसा फरक उरत नाही. माझ्या गटात येणाऱ्या प्रत्येकीला मी हे पहिल्याच दिवशी सांगते. खोटी आशा लावायला मला आवडत नाही.

आता छातीचं. ती वगळा! पावलं, पोटऱ्या, मांड्या, पोट, तिथून थेट तळहात. डोळे उघडे ठेवा. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर आडवं पडल्यावर दंड ओढतो. हाताखाली उशी घ्या, नाहीतर सरळ खुर्चीत बसा. हुंदका आलाच तर टाचा फरशीवर दाबा, फरशी गार आहे की कोमट एवढंच बघा. शिकवणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. आमच्याकडची एक बाई कित्येक महिने अशीच छाती ओलांडून जायची. मग एकदा अंघोळीत साबण लावताना तिचा हात आपणहून व्रणावर थांबला. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तुमचा थांबेल, न थांबेल; घाई नाही.

दहा दिवसांच्या मौन शिबिराला मात्र एवढ्यात जाऊ नका. आणि रात्री अंगातून वाफा निघून जाग येत असेल तर ते लेट्रोझोलमुळेही असू शकतं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे आणि रडण्याचं, दोन्ही सांगा. गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी मागा.