एमआरआयची तारीख सांगा

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. वडिलांच्या मणक्याचं ऑपरेशन आयुष्मान भारत योजनेच्या कार्डावर मोफत झालं, पण ‘अ‍ॅडमिशनच्या सुमारास’ बाहेरच्या सेंटरवर एमआरआयचे साडेसात हजार भरावे लागले. ते परत मिळतील का? आणि आता पुन्हा एमआरआय सांगितलाय, तर कार्ड घेणारा जवळचा रेडिओलॉजिस्ट कोण? अशी पत्रं सतत येतात.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं. तसा रेडिओलॉजिस्ट शोधत हिंडू नका. कार्ड चालतं ते योजनेतल्या रुग्णालयात, मंजूर झालेल्या उपचारासाठी. ओपीडीच्या चिठ्ठीवरचा सुटा स्कॅन त्यात सहसा बसत नाही. जिल्हा रुग्णालयात विचारा. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासण्या मोफत आहेत. तिथे एमआरआय मशीन आहे का, हे मात्र आधी फोन करून पाहा.

आता पैशांचं. ‘सुमारास’ म्हणजे कधी? सगळं प्रकरण त्या तारखेवर उभं आहे आणि नेमकी तीच तुम्ही लिहिलेली नाही. आयुष्मान भारतच्या पॅकेजमध्ये दाखल होण्याआधीचे 3 दिवस आणि डिस्चार्जनंतरचे 15 दिवस यांतल्या तपासण्या धरलेल्या असतात. एमआरआय त्या मुदतीत किंवा दाखल असताना झाला असेल, तर तुमच्याकडून पैसे घ्यायलाच नको होते. महिनाभर आधी केला असेल, तर आशा सोडा.

पावती घेतली नाही म्हणता. साडेसात हजार मोजताना कागद मागायला काय हरकत होती? असो. मोबाइलवरून दिले असतील तर बँकेचं स्टेटमेंट काढा, सेंटरकडून रिपोर्टची तारीख असलेली प्रत घ्या आणि रुग्णालयाकडे केसपेपर लेखी मागा. ते 72 तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. एमआरआय कोणी, कधी लिहून दिला, ते त्यातच सापडेल. मग आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाकडे, लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि 14555 या योजनेच्या हेल्पलाइनवरही नोंदवा.

एवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. मोफत उपचार घेणारा ‘ग्राहक’ कसा, असा आक्षेप रुग्णालय घेईल. खर्च विमा कंपनी करत असेल तरी ती सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात म्हटलंय. सरकारी योजनेला ते किती लागू होतं यावर वाद होऊ शकतो. निकाल 3 महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो, पण तारखांवर तारखा पडतात आणि म्हातारी माणसं हेलपाटे घालत राहतात. तुमच्या हातात मुदत आहे ती 2 वर्षांची, पैसे घेतले त्या दिवसापासून धरा. आरोग्यमित्राच्या उत्तराची वाट पाहत ती घालवू नका.