सर्दी झाल्यावर मेडिकलमधून नेमकी कुठली गोळी घ्यावी आणि घरच्या घरी काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी कोल्हापुरात आलाय, रोज गाडीवरून गोकुळ शिरगावला कंपनीत जाता. नाक चोंदलंय, घसा खवखवतोय, अंगात कणकण आहे. रूममेटनं दिलेली ‘तापाची’ गोळी आणि मेडिकलमधून आणलेली ‘सर्दीची’ गोळी अशा दोन्ही चालू आहेत. डॉक्टरकडे जायची इच्छा नाही. यापेक्षा चांगली गोळी कुठली, आणि घरगुती काय करता येईल?

मी राजारामपुरीत एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. चांगल्या गोळीचं नंतर बघू. आधी त्या दोन्ही स्ट्रिप उलट्या करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक दोन्हीवर पॅरासिटामॉल सापडेल. तापाची ६५०ची आणि सर्दीच्या गोळीत ५०० असेल, तर एका वेळी ११५० मिलिग्रॅम पोटात गेलं. दिवसातून चार वेळा असं केलंत की बेरीज ४६००. धडधाकट मोठ्या माणसानंही २४ तासांत ४००० ओलांडायचं नसतं, कारण पुढचा भार थेट लिव्हरवर. रोज पिणारा, लिव्हरचा त्रास असलेला किंवा अगदीच किडकिडीत माणूस असेल तर मर्यादा त्याच्याही खूप खाली येते. म्हणजे दोन्हीपैकी एकच ठेवा, आणि दोन गोळ्यांमध्ये सहा तास जाऊ द्या.

काउंटरवर हे रोज दिसतं. नावं वेगळी, रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या, म्हणून माणसाला वाटतं औषधंही वेगळी. ‘सर्दीची गोळी’ म्हणून जे मिळतं त्यात साधारण तीन जण एकत्र नांदत असतात: पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन.

क्लोरफेनिरामिननं गळणारं नाक थोडं आवरतं आणि झोप येते. रात्री घेतलीत तर तो फायदाच. सकाळी घेऊन हायवेवर गाडी मारत गोकुळ शिरगावला जाणार असाल तर नका घेऊ, सरळ सांगतो. प्रोस्टेटमुळे लघवीला अडखळणाऱ्या वयस्कर लोकांनीही यापासून लांब राहावं. पुष्कळ जण ‘सेटिरिझिन द्या’ म्हणून मागतात. ती अ‍ॅलर्जीच्या शिंकांना चांगली, साध्या सर्दीत तिचा फारसा उपयोग होत नाही.

फेनिलेफ्रिन असतं ते नाक मोकळं करायला. पण २०२३ साली अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीनं एकमतानं सांगितलं की नेहमीच्या डोसमध्ये हे पोटातून घेतलं तर चोंदलेल्या नाकावर काही परिणाम होत नाही. आपल्याकडे गोळ्या अजून सर्रास खपतात. ज्यांना बीपी आहे त्यांनी तर या भानगडीत पडूच नये.

मग नाक मोकळं कशानं होतं? सगळ्यात बिनधोक म्हणजे मिठाच्या पाण्याचे थेंब किंवा स्प्रे, जे सलाईन ड्रॉप म्हणून मिळतात. कितीही वेळा टाका. त्यानं भागलं नाही आणि रात्री झोपच लागेना, तर ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब. हे मात्र पाच मिनिटांत नाक उघडतात आणि तिथंच गोम आहे. तीन दिवसांच्या वर वापरले की नाकाला त्यांची चटक लागते. थेंबांचा असर उतरला की आतली त्वचा आधीपेक्षा जास्त सुजते, की माणूस पुन्हा थेंब टाकतो. सर्दी कधीच गेलेली असते, बाटली मात्र खिशात राहते. असे वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक आमच्याकडे आहेत. दारातून आत आले की काही न विचारता बाटली काढून ठेवावी लागते आणि समजावलं तर राग येतो.

अँटिबायोटिक मागू नका. ‘मागच्या वेळी त्या तीन गोळ्यांनी झटक्यात बरं वाटलं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! सर्दी विषाणूंमुळे होते. तसे विषाणू दोनशेच्या वर आहेत, त्यात ऱ्हायनोव्हायरसचा नंबर पहिला, आणि यातल्या एकावरही अँटिबायोटिक चालत नाही. त्या वेळी तुमची सर्दी उतरणीला लागलीच होती, श्रेय गोळीनं घेतलं. शेंबूड पिवळा-हिरवा झाला एवढ्यावरूनही अँटिबायोटिक लागतं असं ठरत नाही. ज्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ दिसेल ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, आणि आम्ही द्यायचीही नाही.

आता घरगुती. इथं तुम्ही योग्य गावात आलाय.

मटण खात असाल तर अळणी प्या. हाडांसकट मटण, हळद, मीठ, आलं-लसूण, एवढंच घालून शिजवल्यावर जे पाणी निघतं ते अळणी. त्यातच पुढं नारळाचं दूध, तीळ, खसखस पडली की पांढरा रस्सा होतो. खोलीवर स्वयंपाक नसेल तर जिथं जेवता त्या खानावळीतल्या मावशींना सकाळी सांगून ठेवायचं, ‘मावशी, मसाल्याच्या आधी वाटीभर अळणी काढून ठेवा, सर्दी झालीय.’ कुणी नाही म्हणत नाही. वर मिरपूड भुरभुरायची आणि कढत कढत प्यायचं. तांबड्या रश्श्यानं नाक वाहतं हे खरं, पण ती तिखटाची करामत असते आणि सोललेल्या घशाला ती झेपत नाही. घसा बरा होईपर्यंत पांढऱ्यावर राहा.

शाकाहारी असाल तर हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून केलेलं पीठ गार पाण्यात कालवायचं म्हणजे गुठळ्या होत नाहीत, मग उकळत्या गुळाच्या पाण्यात सोडून ढवळत राहायचं. सुंठ, चिमूटभर मीठ. पळीवरून ओघळेल इतकं पातळ ठेवायचं. तोंडाला चव नसताना हेच पोटात जातं, आणि गूळ चांगला मिळायची इथं अडचण नाही.

या सगळ्यानं सर्दी एक दिवसही लवकर जात नाही, पण बरं वाटतं हे मनाचे खेळ नाहीत. २००८ साली ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात सर्दी झालेल्यांना एकच फळांचं पेय कुणाला गरम, कुणाला साधं असं दिलं. नाकातून वाहणाऱ्या हवेचं माप दोन्हींत सारखंच आलं, पण गरम पिणाऱ्यांना खोकला, घसा, थंडी वाजणं, थकवा या सगळ्यांत आराम वाटला. गवती चहा, आलं, तुळशीचा काढा याच हिशेबात बसतो. फक्त मिरी-लवंगांचा मारा करू नका, सर्दी राहते बाजूला आणि पित्त खवळतं.

झोपताना चमचाभर मध खोकल्याला खरंच चांगला. घशाला कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. वाफ घ्यायची तर साध्या पाण्याची घ्या, तिनं विषाणू मरत नाहीत, नाक तेवढं सैल पडतं. पातेलं गॅसवर ठेवून त्यावर वाकायचं नाही, आणि लेकरांना मांडीवर घेऊन तर अजिबात नाही, भाजल्याच्या केसेस अशाच होतात. बाम छातीला, पाठीला लावा, नाकपुडीत घालू नका. दुधानं कफ वाढतो म्हणतात त्यात तथ्य नाही, घशाला चिकट वाटतं इतकंच. गंगावेशच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध मात्र आत्ता नको. तसं माझं मत आहे की दूध तापवूनच प्यावं, पण कोल्हापुरात हे फार मोठ्यानं बोलायचं नसतं.

पुढं-मागं हे उत्तर कुणी आई-बाप वाचतील म्हणून: वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही. क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखाली द्यायचं नाही, असा केंद्राचा आदेश २०२३ पासून आहे. मध्य प्रदेशात छिंदवाड्याला भेसळीच्या सिरपनं लेकरं दगावली, त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रानं दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नका आणि पाचखाली सहसा नको असं कळवलं. घरात उरलेली मोठ्यांची बाटली ‘अर्धा चमचा’ म्हणून देऊ नका.

तुमची सर्दी सात ते दहा दिवसांत जाईल, खोकला थोडा रेंगाळेल. पण ताप तीन दिवसांत उतरला नाही, धाप लागली, छातीत दुखलं किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला तर माझ्या काउंटरवर येऊ नका, डॉक्टरकडे जा. खोकला दोन आठवडे टिकला तर सीपीआरला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, जाऊन थुंकी तपासून घ्या. टीबीची ती तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

कंपनीत रजा टाकू का, हेही विचारलंय. पहिले दोन-तीन दिवस सर्दी सगळ्यात जास्त पसरते, त्यामुळे मिळत असेल तर टाका. नाहीच मिळाली तर मास्क लावून जा, हात धूत राहा, आणि कॅन्टीनमध्ये एकाच ताटात चौघांनी हात घालायचं तेवढं या आठवड्यात बंद ठेवा.