फॉरमॅट कशाला? आधी मूळ शोधू

प्रश्न : सप्रेम नमस्कार सर. खानापूर स्टँडजवळ माझं टायपिंग आणि ऑनलाइन अर्जांचं छोटं सेंटर आहे. मराठी लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल आणि कचेरीत द्यायचे कन्नड अर्ज, सगळं एकाच कॉम्प्युटरवर चालतं. विंडोज १० आहे. पावसाळ्यापासून मशीन सुरू झालं की नुसतं गोल फिरत राहतं, चहा पिऊन आलं तरी हाताला येत नाही. मराठी टाइप करताना एकच अक्षर दोनदा उमटतं, काना-मात्रा भलतीकडे जातात, मधेच सगळं अडकून बसतं. दुरुस्तीवाले म्हणतात, "ताई, फॉरमॅट मारूया की, काम संपलं." पण माझ्या मराठी सॉफ्टवेअरची सीडी आता मिळत नाही आणि जुन्या सगळ्या पत्रिका त्याच्याच फॉन्टमध्ये आहेत. दुसरा काही मार्ग आहे का? – एक वाचक भगिनी, खानापूर

उत्तर : ताई, फॉरमॅट करू नका. तुमच्यासारखी दोन भाषांची कामं करणारी सेंटरं निपाणीपासून खानापूरपर्यंत गावोगाव आहेत, आणि त्यांची वर्षानुवर्षांची मराठी अक्षरजुळणी असल्या उतावीळ फॉरमॅटमध्ये गेलेली मी बेळगावात बसून पाहतो आहे. फाइल पेनड्राइव्हवर वाचते, पण तिचा फॉन्ट गेला की उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतात. म्हणून पहिलं काम हे करा: पत्रिकांचे फोल्डर आणि सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातले तुमचे मराठी फॉन्ट, दोन्ही बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवा. मग शोधाला लागू.

कॉम्प्युटर सुरू होतो तेव्हा एकटी विंडोज उठत नाही. तिच्यामागून अँटिव्हायरस, प्रिंटरचे प्रोग्रॅम, टायपिंगची सॉफ्टवेअरं, अपडेट शोधणारे मदतनीस, असा सगळा गोतावळा उठतो. बिघाड विंडोजमध्ये आहे, यंत्रात आहे की या गोतावळ्यात, हे ठरल्याशिवाय पुसापुशी करण्यात अर्थ नाही. ते ठरवायचं तर मशीन कमीत कमी सोबत घेऊन सुरू करून बघायचं.

स्टार्ट मेनूतल्या पॉवरच्या खुणेवर जा आणि शिफ्टची कळ दाबून धरून रीस्टार्ट म्हणा. निळा पडदा येईल. त्यात ट्रबलशूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, आणि पुन्हा रीस्टार्ट. यादी आली की सेफ मोडसाठी ४ दाबा. पूर्वी एफ८ दाबून हे व्हायचं, विंडोज ८ पासून ती वाट मुळात बंद ठेवलेली असते. शटडाऊन करून पुन्हा बटण दाबणं आणि रीस्टार्ट करणं, हे मात्र एकच समजू नका. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनच्या वेळी विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलते. खरी नवी सुरुवात रीस्टार्टनेच होते.

आता काळा पडदा दिसेल, चारही कोपऱ्यांत सेफ मोड असं लिहिलेलं, चित्रं मोठी आणि ओबडधोबड. घाबरू नका, पडद्याचा खास ड्रायव्हर (यंत्राचा भाग चालवणारा प्रोग्रॅम) बाजूला ठेवून साध्यावर काम चाललं आहे म्हणून ते तसं दिसतं. इथे प्रिंट निघणार नाही, आवाजही येणार नाही, कारण त्या सेवा, म्हणजे पाठीमागे चालणारे प्रोग्रॅम, सेफ मोडमध्ये उठतच नाहीत. नोटपॅड उघडा आणि इंग्रजीत दोन-चार परिच्छेद टाइप करा. इथेही अक्षरं दोनदा उमटली तर दोष कीबोर्डचा. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात कळांखाली ओल धरते, दुसरा कीबोर्ड लावून बघा, प्रश्न तिथेच मिटेल. इथे सगळं सुरळीत आणि चपळ चाललं, तर विंडोजचा गाभा आणि कीबोर्ड यांच्यावरचा संशय बराच कमी झाला. मग बाहेरून आलेल्या सॉफ्टवेअरकडे किंवा ड्रायव्हरकडे वळायचं.

साधा रीस्टार्ट केला की मशीन आपोआप नेहमीच्या रूपात येईल. आता विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा आणि चौकटीत इंग्रजीत एमएसकॉन्फिग (msconfig) टाइप करा. पहिल्याच पानावर तीन पर्याय दिसतील: नॉर्मल, डायग्नोस्टिक आणि सिलेक्टिव्ह स्टार्टअप. डायग्नोस्टिक निवडलं तर फक्त मूलभूत साधनं आणि सेवा घेऊन मशीन उठतं. नाव मोठं आकर्षक आहे, पण तुमच्यासारख्या चालत्या सेंटरात मी ते सुचवत नाही. त्यात मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सेवाही बंद पडतात, म्हणजे नेटवर्क जाऊ शकतं, नवी जोडलेली वस्तू ओळखली जात नाही, विंडोजच्या घडामोडींची नोंदवही बंद होते, पिन चालेनासा होतो. समोर चार माणसं अर्ज भरायला उभी असताना हे नको. करायचंच असेल तर रात्री सेंटर बंद झाल्यावर, आणि खात्याचा पासवर्ड पाठ असेल तरच.

त्यापेक्षा सर्व्हिसेसच्या पानावर जा. त्याआधी मोबाइलवर त्या यादीचा फोटो काढा, कोणती खूण आधी होती ते पुढे आठवत नाही. खाली हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस अशी चौकट आहे, तिच्यावर टिक करा. हे आधी, आणि डिसेबल ऑल त्यानंतर. क्रम उलटा झाला तर विंडोजच्याच सेवा बंद होतात. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि स्टार्टअपच्या यादीतले प्रोग्रॅम डिसेबल करा. रीस्टार्ट. याला क्लीन बूट म्हणतात. इथे नेट चालतं, आणि प्रिंटर सहसा चालतो, म्हणजे तुमच्या खऱ्या कामावर परीक्षा घेता येते. तुमच्या मराठी सॉफ्टवेअरला डोंगल (परवान्यासाठी मशीनला लावून ठेवायची किल्ली) असेल आणि ते उघडलं नाही, तर त्या डोंगलची सेवाच बंद झालेली असणार, ती तेवढी परत चालू करा.

मशीन चपळ झालं? मग अर्धी यादी चालू करा आणि रीस्टार्ट करा. त्रास परतला तर चोर या अर्ध्यात, नाही परतला तर उरलेल्यात. पुन्हा त्याचं अर्धं. घरातले दिवे गेले की वायरमन सगळे एमसीबी पाडून एकेक वर करत जातो ना, त्याच जातीचं काम आहे, फक्त अर्ध्या-अर्ध्याने केल्यामुळे लवकर उरकतं. यादीत सोळा नावं असली तरी चार-पाच रीस्टार्टमध्ये एकावर बोट ठेवता येतं. शहापुरातल्या एका छापखान्याच्या मशीनमध्ये असाच शोध घेतला तेव्हा केव्हाच विकून टाकलेल्या प्रिंटरचा प्रोग्रॅम सापडला. यंत्र जाग्यावर नाही, आणि हा रोज सकाळी उठून त्याला हाका मारत बसलेला! तो काढला आणि मशीन मोकळं झालं.

तुमच्या अक्षरांबद्दल माझा दाट संशय वेगळा आहे. मराठी आणि कन्नड, दोन्ही टायपिंगची सॉफ्टवेअरं तुमच्याकडे सुरुवातीलाच एकत्र उठत असणार. ही जुनी सॉफ्टवेअरं तुम्ही दाबलेली कळ वाटेतच अडवतात आणि आपापल्या फॉन्टच्या संकेतात बदलून पुढे पाठवतात. दोघं जागे असले की एकाच कळीवर दोघांचे हात पडतात. म्हणून शोधात या दोघांना एकेकटं चालवून बघा. दोन्ही काढायची गरज नाही, आपली कामं दोन्ही भाषांची आहेत. स्टार्टअपच्या यादीतून दोघांनाही बंद ठेवा, हवं ते हाताने उघडा, आणि भाषा बदलताना पहिलं घड्याळाजवळच्या खुणेवर उजवी क्लिक करून पूर्ण बंद करा. नुसती खिडकी मिटून ते जात नाही. नव्या कामाला विंडोजचेच मराठी आणि कन्नड कीबोर्ड जोडून घ्या, विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबला की भाषा बदलते. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनना समजणाऱ्या अक्षरसंकेतात, राहील आणि पुढे कोणत्याही मशीनवर वाचता येईल. जुनं सॉफ्टवेअर जुन्या पत्रिकांपुरतं ठेवा.

चोर सापडल्यावर नॉर्मल स्टार्टअप दाबू नका, त्याने बंद केलेल्या सेवाही पुन्हा उठतात. बाकीच्या सेवांवर टिक परत करा, दोषी तेवढा बंद ठेवा, पहिल्या पानावर सिलेक्टिव्ह दिसत राहू दे.

आणखी एक. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तुमच्याकडे लोक आधार आणि बँकेचे कागद विश्वासाने देतात, तेव्हा मशीन बरं झालं की पुढच्या विंडोजचा विचार कराच. पण बिघडलेल्या मशीनवर तो घाट घालू नका.

प्रश्न : सर, व्हिडिओ बघून मी लॅपटॉपमध्ये एमएसकॉन्फिगमधून सेफ बूटवर टिक केली. आता तो दर वेळी सेफ मोडमध्येच सुरू होतो आणि माझा पिनही घेत नाही. प्रोजेक्ट आत अडकला आहे. – एक विद्यार्थी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : प्रोजेक्ट सुरक्षित आहे बाळा, काळजी करू नकोस. ती टिक काढेपर्यंत तशीच राहते, म्हणून वर ताईंना मी शिफ्ट-रीस्टार्टची वाट सांगितली. ती एका वेळेपुरतीच असते. पिनच्या चौकटीखाली साइन-इन ऑप्शन्स दिसतात का बघ आणि तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड टाक. आत गेलास की एमएसकॉन्फिग, बूटचं पान, सेफ बूटची टिक काढ, रीस्टार्ट. पासवर्डच आठवत नसेल तर तो मोबाइलवरून बदलता येतो, पण लॅपटॉपला नेट नसेल तर नवा पासवर्ड तो ओळखणार नाही. तसं झालं तर जाणत्या माणसाकडे ने. रिकव्हरीच्या निळ्या पडद्यातून कमांड प्रॉम्प्ट उघडून एका ओळीच्या आज्ञेने ती टिक निघते. फॉरमॅटची भाषा केली तर लॅपटॉप उचलून परत ये.

नेण्याआधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की आपल्या खात्यात शोधून वहीत लिहून ठेव. डिस्क कुलूपबंद असेल तर त्या वाटेवर ती विचारली जाते, आणि तिच्याशिवाय कुणालाच आत जाता येत नाही.

प्रश्न : तंबाखूच्या वखारीत हिशेबाचा कॉम्प्युटर आहे. बटण दाबलं की नुसतं बीप-बीप वाजतं, पडदा काळाच. सेफ मोडने सुटेल का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही सुटणार. विंडोजपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. बीप हा यंत्राचा स्वतःचा आवाज आहे आणि पुष्कळदा तो रॅमबद्दल असतो. किती वेळा वाजतं, लांब की आखूड, ते लिहून घ्या, कंपनीनुसार त्याचा अर्थ बदलतो. प्लग काढा, बटण थोडा वेळ दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट जाईल. मग डब्यातली धूळ मऊ ब्रशने काढा. वखारीतली तंबाखूची धूळ बारीक असते आणि पंख्यात चिकटून बसते. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी टोकांवर साधा खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि दोन्ही बाजूंच्या खुंट्या टक्कन बसेपर्यंत दाबून बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. पडदा उजळला की डेलचं मशीन असेल तर सुरू होतानाच एफ१२ दाबून यादीतलं डायग्नोस्टिक्स निवडा आणि एचपीचं असेल तर एफ२ दाबा, आतली यंत्रतपासणी उघडते. तिच्यात रॅम आणि डिस्क दोन्ही तपासून घ्या, आणि हिशेबाची प्रत त्याच दिवशी बाहेर काढा.