सड्यावरच्या जागेचा सर्व्हे एप्रिलमध्ये करू नका

तुम्ही लिहिलंय की डिचोली तालुक्यात सड्याच्या (खडकाळ पठाराच्या) कडेला घरची ६,००० स्क्वेअर मीटर जागा आहे, कन्व्हर्जन (जमीन बिगरशेती) करून घर आणि दोन कॉटेज बांधायचीत, आणि कन्सल्टंट म्हणतो एप्रिलमध्ये दोन दिवस फिरून "सरपटणारे प्राणी आढळले नाहीत" असा रिपोर्ट देतो म्हणजे पुढे कटकट नको. शिवाय नेटवर हे प्राणी शोधायला जमिनीवर पत्रे अंथरायची ब्रिटनमधली पद्धत वाचलीत, ती इथे चालेल का असंही विचारलंय. मी बरीच वर्षं उत्तर गोव्यातल्या सड्यांवर हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी परवानगीचं. तुमच्या आकाराच्या कामाला असा सर्व्हे कुणी मागत नाही. २००६च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांची तपासणी) अधिसूचनेखाली बांधकामाला पर्यावरण परवानगी लागते ती २०,००० स्क्वेअर मीटर बिल्टअप पासून वर. सनदेची, म्हणजे कन्व्हर्जनच्या परवानगीची, फाईल टीसीपी (नगर नियोजन खातं), मामलेदार आणि वन खात्याकडे फिरते खरी, पण वन खातं बघतं ते खाजगी वन आहे का एवढंच, म्हणजे किमान ५ हेक्टर, ७५ टक्के जंगली झाडं आणि झाडांच्या छत्राची घनता ०.४. सगळा हिशोब झाडांचा. आणि सड्यावर झाडच नसतं, एक-चौदावर (जमिनीच्या उताऱ्यावर) कित्येकदा पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, असं लागलेलं असतं, मग कागदावर तिथे कुणी राहतच नाही. मला या कामात सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचंच, कारण तिथला जीव झाडावर नाही, सुट्या दगडाखाली आणि चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भेगेत असतो. आपल्या कोकणातल्या सड्यांवर पांढऱ्या पट्ट्यांची एक चिमुकली पाल आहे, १९६३मध्ये रत्नागिरीतल्या डोर्ल्याहून तिची शास्त्रीय नोंद झाली, ती अशाच सुट्या दगडांखाली राहते. दगड उचलून क्रशरला गेले की तिचं घर गेलं.

पण कुणी सर्व्हे मागत नाही म्हणजे मोकळीक आहे असं धरू नका. १९७२चा वन्यजीव कायदा प्लॉटचा आकार विचारत नाही. त्यातल्या शिकारीच्या व्याख्येतच सरपटणाऱ्यांची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हे येतं, आणि अजगर, घोरपड दोन्ही शेड्युल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, आहेत. मोठ्या प्रकल्पांना तर अर्धवट माहिती फारच महागात पडते, मोपा विमानतळाची पर्यावरण परवानगी सुप्रीम कोर्टाने मार्च २०१९मध्ये याच कारणाने रोखून धरली होती, ती जानेवारी २०२०मध्ये सुटली.

आता ब्रिटनची पद्धत. तिकडे ती बरोबरच आहे. थंड देश, तिथले अ‍ॅडर, ग्रास स्नेक हे साप आणि स्लो वर्म हा बिनपायाचा सरडा, हे सगळे ऊब शोधत असतात, पत्रा किंवा फेल्टचा तुकडा उन्हाने तापला की त्याच्याखाली येऊन बसतात, म्हणून साधारण ९ ते १८ डिग्रीत, वसंतात आणि सप्टेंबरात सातेक फेऱ्या मारून पत्रे उचलून बघतात. आपल्याकडे गणित उलटं. आपले प्राणी उन्हापासून पळतात. एप्रिलच्या दुपारी सड्यावर ठेवलेल्या पत्र्याला तुम्हीच हात लावून बघा, त्याच्याखाली कोण येणार! तिकडचा एप्रिल म्हणजे थंडीची झोप संपून बाहेर पडायचा महिना, इकडचा एप्रिल म्हणजे भेगेत खोल उतरायचा.

हे मी स्वतः चूक करून शिकलोय. सुरुवातीच्या काळात पेडण्यात एका सड्यावर मी मे महिन्यात चार दिवस काढले, सरडे आणि एक सापसुरळी सोडून काही दिसलं नाही, तसं लिहून दिलं. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर सहज म्हणून रात्री टॉर्च घेऊन गेलो तर दोन तासांत तीन फुरशी, एक मण्यार आणि दगडादगडाखाली पाली. रिपोर्ट आधीच गेलेला. मी दुरुस्तीचं पत्र दिलं, पण पाऊस उघडल्यावर ती जागा सपाट झाली. तेव्हापासून कोरड्या दिवसांतल्या "आढळले नाहीत"वर मी सही करत नाही.

तर तुम्ही असं करा. पहिली फेरी जूनच्या पहिल्या पावसानंतर, मग जुलैत एखादी, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात दोन-तीन. प्रत्येक वेळी सकाळी एकदा आणि रात्री सात ते दहा एकदा, दोन माणसं, चांगला टॉर्च, गुडघ्यापर्यंत गमबूट. दगड स्वतःच्या दिशेने उचलायचा, म्हणजे मधे दगडाची आड राहते, बघून झालं की होता तसाच ठेवायचा, आणि बिळात हात कधीच घालायचा नाही. काही पकडायचं नाही, पकडायला चीफ वाइल्डलाइफ वॉर्डनची परवानगी लागते, आणि तुम्हाला तर फोटो पुरतो. किती माणसं किती तास फिरली ते दरवेळी लिहून ठेवा, कारण दोन तासांत काही न दिसणं आणि चाळीस तासांत न दिसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कात, विष्ठा, वारूळ (आपण सातेरी म्हणून पुजतो तेच, आणि नाग-घोरपडी तिथेच आसऱ्याला असतात), गडगे (सुट्या दगडांचे बांध), जवळची जुनी चिरेखाण असेल तर तिच्या पाण्यात दिवड आणि कासव, हे सगळं नकाशावर मार्क करा. शेजारच्या काजू बागायतीत बेणणी (तण काढायचं काम) करणाऱ्या बायकांना नक्की विचारा, फुरसं कुठे निघतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. पंचायतीचं जैवविविधता रजिस्टर असतं, तेही मागून बघा.

कामाच्या वेळेबद्दल मात्र मी हट्टाने सांगेन. पावसाआधी जागा साफ करायची म्हणून सगळे एप्रिल-मेमध्ये जेसीबी लावतात, आणि नागाची अंडी घालायची वेळ नेमकी एप्रिल ते जुलै. नोव्हेंबरपर्यंत थांबा. आधी गवत आणि झुडपं हाताने काढा, एका टोकापासून सुरू करून मोकळ्या सड्याच्या बाजूला सरकत जा म्हणजे प्राण्यांना निघायला वाट राहते, चारी बाजूंनी एकदम घेरू नका. साप पकडून लांब कुठेतरी सोडण्याने प्रश्न सुटत नाही, अनोळखी जागेत तो बिळाच्या शोधात भटकत राहतो. नाल्याकडची एक पट्टी दगडांसकट तशीच सोडा, ६,०००मध्ये ती बसते. आणि सिमेंटच्या कंपाउंडऐवजी सुट्या चिऱ्यांचा गडगा घाला, खर्चही कमी.

कामगारांना फुरसं आणि घोणस फोटोत ओळखायला शिकवा, कुणाला चावलं तर बांधाबांधी, कापाकापी न करता तडक हॉस्पिटल, आपल्याकडचं सापाच्या विषावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर चालतं.

कन्सल्टंटला एवढंच सांगा की जूनपर्यंत थांबतो. तो नाही म्हणाला तर पावसाच्या पहिल्या फेरीला मी येतो, डिचोली मला जवळच आहे.