किमोनो घालतात की नेसतात?

जपानी लग्नाचं वर्णन करताना एका मैत्रिणीने लिहिलं, ‘नवरीच्या आईने काळा किमोनो नेसला होता.’ संपादकाने ‘नेसला’चं ‘घातला’ केलं. बरोबर काय, असं ती विचारते.

आपला ढोबळ नियम असा, की शिवलेलं घालायचं आणि कमरेला गुंडाळायचं ते नेसायचं. शाल पांघरायची, फेटा बांधायचा. किमोनोला शिवण असते, बाह्या असतात. म्हणजे संपादक चुकलेला नाही.

पण मी ‘नेसणे’च्या बाजूचा. किमोनो ज्या ताग्यातून निघतो, त्याचा पन्हा सुमारे ३७ सेंटिमीटर आणि लांबी सुमारे १२ मीटर, नऊवारीपेक्षाही जास्त. त्याच्या सरळ पट्ट्या जोडायच्या, गोलाई कुठे कापायची नाही. बायकांचा किमोनो खांद्यापासून घोट्यापर्यंतच्या मापाहून लांबच ठेवतात. डावी बाजू उजवीवर घ्यायची (उलटी फक्त प्रेताला), जास्तीची लांबी कमरेशी दुमडायची, वर ओबी, म्हणजे कमरेचा रुंद पट्टा, आवळायचा. कापड अंगावरच बेतलं जातं. हे नेसणं नाही तर काय?

गंमत म्हणजे जपानीतही आपल्यासारखीच वाटणी आहे. अंगात ‘किरु’, पायांतून वर चढवायचं ते ‘हाकु’, डोक्यावर ‘काबुरु’, ओबीसाठी ‘शिमेरु’. किमोनोतला ‘कि’ या ‘किरु’चाच, ‘मोनो’ म्हणजे वस्तू.

आईच्या त्या काळ्या किमोनोचं नाव कुरोतोमेसोदे. ‘सोदे’ म्हणजे बाही. (मराठी कानाला भलतंच ऐकू येतं, त्याला इलाज नाही.) ‘तोमे’ म्हणजे थांबवलेली, कारण लग्नानंतर बाही आखूड करून शिवून टाकायची जुनी रीत. अविवाहित मुलीचा तो फुरिसोदे, झुलती बाही, जवळजवळ घोट्यापर्यंत लोंबणारी. आईच्या किमोनोवर घराण्याची पाच चिन्हं असतात: पाठीवर एक, बाह्यांवर मागे दोन, छातीवर दोन. वरचा भाग कोरा काळा. करकोचे, पाइन, बांबू, प्लमचा मोहोर, जी काही शुभचिन्हं असतील ती कमरेखालीच. चित्र शिवणीवर तुटू नये म्हणून पट्ट्या आधी कच्च्या टाक्यांनी जोडून रेखाटन करतात, मग उसवून रंगवतात आणि पुन्हा शिवतात. हे चित्र नीट दिसतं ते किमोनो अंगाभोवती चापून गुंडाळल्यावरच.

तेव्हा त्या वाक्यात ‘नेसला’ राहू द्या. जपानी सरायांत आंघोळीनंतर अंगावर चढवतात तो सुती युकाता मात्र खुशाल घाला.